पाठमोरे पैलवान

आमचे घरमालक टीव्हीकडे पाठ करून मॅच बघायचे.

बघायचे म्हणजे ऐकायचे. हॉलमध्ये भलामोठा टीव्ही, त्याच्यासमोर ऐसपैस सोफा, आणि हे आपले डायनिंग टेबलाची खुर्ची ओढून, टीव्हीला पाठ आणि खिडकीकडे तोंड करून बसलेले. डोळे अर्धवट मिटलेले. स्टेडियममधला आवाज चढला की मान जरा वर, आवाज पडला की मान खाली. सिडनीच्या गिरावीन भागातल्या त्यांच्या घरामागच्या छोट्याशा ग्रॅनी फ्लॅटमध्ये मी भाड्याने राहायला आले, त्याच आठवड्यात वायफायचा पासवर्ड विचारायला गेले आणि हा प्रकार बघून तशीच परत फिरले. पुण्याला दादाला फोन करून सांगितलं, फ्लॅट छान आहे, पॅरामॅटाच्या ऑफिसला ट्रेनने पटकन जाता येतं, घरमालक स्वभावाने बरा वाटतोय, पण जरासा सटकलेला आहे.

तेव्हा मी त्यांना 'तो' म्हणायचे. इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला मनातल्या मनातसुद्धा अहो-जाहो होत नाही. पुढे माझे बाबा इथे आले तेव्हा त्यांनी मला दटावलं, "अगं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल फार तर. 'तो' काय म्हणतेस?" तेव्हापासून ते 'ते' झाले. बाबांनीच त्यांचं नाव पैलवान ठेवलं. पैलवानांना त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते इतके खूश झाले की गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी हे आपलं नवीन नाव सांगितलं.

तरुणपणी ते अमेरिकेत पैसे घेऊन फुटबॉल खेळत. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे आणि इथली फूटीही नव्हे. डोक्याला हेल्मेट, खांद्याला चिलखत घालून एकमेकांवर आदळतात, तो. इथे त्याला ग्रिडायर्न म्हणतात आणि त्याच्याकडे फारसं कुणी ढुंकून बघत नाही. कोपऱ्यावरच्या क्लबात त्यांचे दोस्त हटकून चिडवायचे, "हेल्मेट घालून खेळता होय? आमच्याकडे उघड्या डोक्याने खेळतात, मेट." पैलवान शांतपणे दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. दहाही बोटं दहा दिशांना. "हेल्मेट डोक्याला होतं, बोटांना नव्हतं," असं म्हणून आपली बिअर उचलायचे, तीही दोन्ही तळव्यांत धरून, कारण मूठ वळत नसे. लग्नाची अंगठी बोटात जात नव्हती म्हणून गळ्यातल्या साखळीत अडकवलेली.

त्यांचं काम काय होतं ते समजायला मला बराच वेळ लागला. त्या खेळात चेंडू लांब फेकणारा एक हिरो असतो. त्याला आडवा करायला समोरून राक्षस धावून येतात. त्या राक्षसांना अडवणारी पाच जणांची भिंत, त्या भिंतीतले हे एक. चेंडूला हात लावायचा नाही, पळायचं नाही, टचडाऊन, म्हणजे त्यांच्यातला गोल, करायचा नाही. फक्त तोंड शत्रूकडे ठेवून एक एक पाऊल मागे सरकत राहायचं, म्हणजे मागच्या हिरोला फेकायला उसंत मिळते.

"सात-आठ सीझन मी उलटा चाललो," ते म्हणायचे. "आमच्या टीमचा एकही टचडाऊन मी धड बघितला नाही. सगळे माझ्या पाठीमागून वरून गेले. लोक ओरडले की समजायचं, पकडला. लोक हळहळले की समजायचं, सुटला. आता समोरून बघायला लागलो तर मला काही कळतच नाही बघ."

एवढं ऐकल्यावर टीव्हीचं कोडं सुटलं. पण बाकीचंही त्याच वळणाचं होतं. पायऱ्या ते उलट्या उतरायचे, कारण पुढे तोंड करून उतरताना गुडघे बोंब मारायचे आणि उलटं उतरताना गप्प बसायचे. कचऱ्याचा डबा घेऊन हा डोंगर पाठमोरा रस्त्यावर येताना दिसला की समोरच्या घरातली पंजाबी आजी हात जोडायची. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. फुटपाथवर कुणाबरोबरही चालताना ते नेहमी त्या माणसाच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाही, ती बाजू यांच्याकडे असायची. स्टेशनवरून आम्ही बरोबर चालत आलो की माझ्या डाव्या हाताला नुसती सावली पडल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. आता कधीकधी एकटीने येताना मी उगाच डावीकडे बघते.

त्यांचे मेसेज आले की पहिलं वाक्य ठरलेलं, 'काळजीचं काही नाही.' मग पुढे, बागेतला नळ बदलायचाय, किंवा उद्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, रंगारी येणार आहे. हे असं का, ते एकदा चहा पिताना कळलं. त्यांच्या खेळात माणसाला काढून टाकायचं असेल तर सकाळी नाश्त्याच्या वेळी कुणीतरी येऊन खांद्यावर टकटक करतं, "कोच बोलावतायत, पुस्तक घेऊन ये." पुस्तक म्हणजे टीमच्या चालींचं पुस्तक. ते परत घेतलं की तुमचा निकाल लागला. यांच्या खांद्यावर चार गावांत चार वेळा टकटक झाली. "कारण न सांगता माणसाला बोलावणं, याच्यासारखी वाईट गोष्ट नाही," असं ते म्हणाले आणि माझ्या कपात अजून चहा ओतला.

खाण्याचंही तसंच. कॉलेजात कोच म्हणाला होता, तू हाडाने मोठा आहेस पण अंगावर मांस नाही, खा. मग वर्षानुवर्षं घड्याळ लावून खाल्लं, भूक हा प्रकारच विसरून गेले. खेळ सुटला आणि त्यांनी अर्धं अंग उतरवलं. मी एकदा साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. वाटीभर खिचडी त्यांनी इतकी सावकाश खाल्ली की मला वाटलं आवडली नाही. म्हणाले, "आवडली. तेव्हा मला फक्त वजन कळायचं. आता चव कळते."

आणि त्यांच्या आईची गोष्ट. ती सांगताना ते दर वेळी पोट धरून हसायचे. मक्याच्या शेतांतून बस करून ती एकदाच मोठ्या स्टेडियममध्ये त्यांचा खेळ बघायला आली. या भिंतीतल्या माणसांची नावं कधी पुकारली जात नाहीत. एकच प्रसंग असा असतो की लाउडस्पीकरवर त्यांचा नंबर येतो, आणि तो म्हणजे चूक केली तर. समोरच्याला अडवायचं, ढकलायचं, पण धरायचं नाही. धरलं की होल्डिंग, म्हणजे फाऊल. त्या दिवशी यांनी धरलं. सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा यांचा नंबर पुकारला गेला. पन्नास हजार माणसं शिव्या घालतायत आणि वरच्या रांगेत आई एकटी उभी राहून टाळ्या वाजवतेय, माझ्या मुलाचं नाव घेतलं म्हणून. "खेळ संपल्यावर मी तिला खरं सांगितलं नाही," ते म्हणायचे, आणि हसता हसता डोळे पुसायचे.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिकडच्या हॉस्पिटलात सिडनीची एक नर्स होती. तिने यांना चालायला लावलं आणि, त्यांच्याच शब्दांत, थेट इथपर्यंत चालवत आणलं. ती, म्हणजे त्यांची बायको, पुढे इथल्या वेस्टमीड हॉस्पिटलात नोकरी करायची. मी राहायला आले त्याच्या आधीच ती गेली होती. हे घर तिचं. आता ते घरही नाही, तिथे डुप्लेक्स उभं राहिलंय, आणि पैलवान परत मक्याच्या राज्यात आपल्या बहिणीकडे राहतात. अजून मेसेज येतात, काळजीचं काही नाही, इकडे बर्फ पडलाय.

पण मला सांगायचंय ते बाबांचं.

बाबा ठाण्याला एकटे राहायचे. आई गेल्यावरही हट्टाने तिथेच. बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. दादा आणि मी फोनवर ठरवलं की काही महिने त्यांनी माझ्याकडे यावं. व्हीलचेअरवरून बाबा सिडनीला उतरले ते तोंड पाडूनच. दादाने निघताना त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तिकडून तुम्ही कुणाच्या आधाराशिवाय चालत आलात तर ठाणं. नाहीतर फ्लॅट विकू आणि पुण्यात माझ्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, तिथे तुमची सोय करू." दादा वाईट नाही. नोकरी, दोन मुलं, वहिनीचे आईवडील, तो तरी कुठे कुठे पुरणार. पण वृद्धाश्रम हा शब्द ऐकल्यापासून बाबांनी ठाण्याच्या घराची किल्ली जी पायजम्याच्या खिशात ठेवली, ती इथे झोपतानाही काढत नव्हते.

हाड छान जुळलं होतं. फिजिओ मुलगी हुशार होती, तिने सगळे व्यायाम नीट शिकवले. वॉकर धरून बाबा चालायचे, भिंत धरूनही चालायचे. पण हात सोडला की जागच्या जागी उभे. "समोर मोकळी जागा दिसली की पाय उचलतच नाही गं," म्हणायचे. फिजिओ म्हणाली, पायात ताकद आहे, आता धीर यायला हवा. तो कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

पैलवान स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे रोज बघत असणार. एकदा मी घरून काम करत होते, बाबा मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसले होते, तर हे खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाबांचं इंग्रजी टेलिफोन खात्यातलं, अर्जापुरतं. मग दुभाषी म्हणून मला लॅपटॉप बंद करून जावं लागलं.

पैलवानांनी आपली कथा सांगितली. बाबांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं खेळून चेंडूला हात लावला नाहीत कधी?"

"नाही, सर. एकदाही नाही."

बाबा हसायला लागले. सिडनीला आल्यापासून पहिल्यांदा असे हसले. "अहो पैलवान, मीसुद्धा दहा वर्षं दहीहंडी केली. हंडीला कधी हात नाही लावला."

मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. उंचावर बांधलेलं मडकं, माणसांवर माणसं, थरावर थर. ठाण्याच्या आमच्या गल्लीतल्या पथकात बाबा सगळ्यात खालच्या थरात. एकमेकांच्या खांद्यात हात अडकवायचे, मान खाली घालायची आणि वर कितीही वजन आलं तरी हलायचं नाही. "वर कोण चढलंय, त्याचा हात पोचला की नाही, आम्हाला काही दिसायचं नाही," बाबा म्हणाले. "दिसायचे ते समोरच्याचे पाय. डोक्यावर ताक पडलं की कळायचं, फुटली."

पैलवानांनी मला शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग आपल्या टकलावरून हळूच हात फिरवला. "आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो?" त्यांनी विचारलं.

"वरच्या पोराचा," बाबा म्हणाले, आणि दोघं म्हातारे खो खो हसत सुटले. मी उठून आत गेले तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान आमच्या दारात. "मोकळ्या जागेची भीती वाटते ना? मग मोकळी जागा ठेवायचीच नाही," म्हणाले, आणि बाबांच्या समोर, हातभर अंतरावर, गुडघ्यात जरा वाकून, दोन्ही पंजे उघडे धरून उभे राहिले. त्यांच्यापलीकडचा ड्राइव्हवे दिसेना, रस्ता दिसेना, आभाळसुद्धा जेमतेम दिसत होतं. बाबांनी एक पाऊल टाकलं. पैलवान एक पाऊल मागे सरकले. बाबांनी दुसरं टाकलं. पैलवान पुन्हा मागे. एकदाही मागे वळून बघितलं नाही. पत्र्याच्या पेटीपर्यंत, जिथे पोस्टमन टपाल टाकतो तिथपर्यंत, ही वरात गेली आणि परत आली.

मी त्यांच्या बाजूने जीव मुठीत धरून चालत होते. "अहो, निदान हात तरी धरा त्यांचा," मी म्हटलं.

"धरायचं नाही. फाऊल आहे."

"हा खेळ नाहीये," मी चांगलीच तडकले. "पडले तर दुसरा खुबा मोडेल."

तेव्हा त्यांनी बाबांवरची नजर न काढता मला सांगितलं, "मी धरलं तर ते माझ्या हातावर चालतील. ठाण्याला माझा हात नाहीये."

मी हे बाबांना भाषांतर करून सांगितलं नाही. पण त्यातलं 'ठाणे' त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी खिशातल्या किल्लीवर हात ठेवला आणि पुढचं पाऊल टाकलं.

जॅकरंडा फुलला तेव्हाची गोष्ट. शेजाऱ्यांच्या झाडाची जांभळी फुलं आमच्या ड्राइव्हवेवर पडून त्यांचा चिखल झाला होता. बाबांचा पाय त्यावरून सर्रकन सरकला. मी किंचाळले. पैलवान त्या क्षणी असे खाली बसले की त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला, आणि त्यांनी आपली छाती बाबांच्या खाली घातली. बाबा त्यांच्यावर टेकले, थांबले, आणि आपल्या पायांवर पुन्हा सरळ उभे राहिले. पैलवानांचे दोन्ही पंजे तसेच उघडे होते, हवेत. ते त्यांनी वळवून मला दाखवले, एखाद्या पंचाला दाखवावेत तसे. "क्लीन," म्हणाले. मग आठवडाभर लंगडत होते. बाबा मात्र त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "पडलो असतो, पण पडलो नाही. बघितलंस ना तू?" त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते बघून मला रडू आलं.

पुढे अंतर वाढत गेलं. हाताचं दोन हात झालं, मग चार. काठी आली, वॉकर गॅरेजमध्ये गेला. मग एके दिवशी पैलवानांनी बाबांकडे पाठ केली आणि त्यांच्यापुढे नेहमीच्या माणसासारखे सरळ चालायला लागले. मान किंचित वर, कान मागे, काठीच्या आवाजावर. काठी थांबली की तेही थांबायचे, पण वळायचे नाहीत. आणि शेवटी बाबा एकटे कोपऱ्यावरच्या इंडियन ग्रोसरीत गेले आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. तेवढा वेळ पैलवान व्हरांड्यात रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मी फाटकाशी उभी राहून डोळे फाडून बघत होते. मी ओरडायच्या आधीच, काठी ऐकून, ते म्हणाले, "आले."

दादाने व्हिडिओवर बाबांना चालताना बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पहिला महिना मी येऊन राहणार." बाबा म्हणाले, "ये की. कोण नको म्हणतंय."

ठाण्याला पोचल्यावर महिनाभर दादा होता. तो पुण्याला परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्यांदा एकटे खाली उतरणार होते, भाजी आणायला. इथे दुपार झाली होती. मी फोन घेऊन पैलवानांकडे गेले. मला व्हिडिओ कॉल करायचा होता. पैलवान नको म्हणाले. "त्यांना सांग, फोन खिशात ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत. आपण ऐकू."

फोन टेबलावर ठेवून त्यांनी नेहमीची खुर्ची ओढली आणि फोनकडे पाठ करून बसले. मी त्यांच्या डावीकडे जाऊन बसले.

दाराची कडी लागली. किल्ली फिरली. मग लिफ्टमधली ती बाई, दरवाजा बंद करा म्हणून मागे लागलेली. मग काठी. टक, थांबली. टक, टक. वॉचमनचा आवाज आला, "काका, एकटेच? थांबा, मी येतो." बाबा काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. फाटक करकरलं आणि रिक्षांचे हॉर्न एकदम अंगावर आले. काठीचा आवाज त्यात बुडून गेला. पैलवानांची मान खाली गेली. ते हलतही नव्हते. हॉर्न, कुणाची तरी स्कूटर, कुत्रं, पुन्हा हॉर्न. किती वेळ गेला कोण जाणे.

मग एका बाईचा आवाज आला, आमच्या नेहमीच्या भाजीवालीचा. "अगंबाई, काका? चालत आलात? तुमचे तुम्ही?" तिने शेजारच्याला हाक मारली, त्याने आणखी कुणाला. नारळवाला, इस्त्रीवाला, दोन-चार ओळखीचे आवाज, सगळे एकदम बोलायला लागले. कुणी हसतंय, कुणी बसायला स्टूल आणा म्हणतंय, बाबा नको नको म्हणतायत.

पैलवानांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यांची मान हळूहळू वर आली. वाकडी बोटं गुडघ्यांवर पसरली आणि तशीच राहिली.

खिशातून फोन बाहेर काढल्याची खरखर झाली. "ऐकतेयस ना गं?" बाबांना दम लागला होता. "पैलवान आहेत का तिथे? त्यांना सांग, ताक पडलं."

मी सांगितलं. पैलवान तसेच फोनकडे पाठ करून बसून राहिले, आणि मग दोन्ही हातांनी त्यांनी आपलं कोरडं डोकं पुसून काढलं.